नववा सुरुंग

प्रिय समीर आणि प्रिय रूथ,

मागच्या रविवारी तुमच्या आईने फोनवर सगळं सांगितलं. समीरची नोकरी जाऊन अडीच महिने झाले. रोज सकाळी तो नेहमीसारखा तयार होऊन बाहेर पडतो आणि वाचनालयात जाऊन बसतो. रूथला हे ठाऊक होतं, आणि आईला कळू द्यायचं नाही, आजीला, म्हणजे मला, तर नाहीच, असं तुम्ही दोघा बहीणभावांनी ठरवलं होतं. आजी घाबरेल म्हणून.

मला राग आलेला नाही. मी उपदेशही करणार नाही, त्यासाठी तुमच्या तिकडच्या चर्चच्या मंडळीत पाळक आहेत. मला फक्त एका माणसाबद्दल लिहायचं आहे. हे पुष्कळ वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं. पण त्यात माझ्या पपांची एक गोष्ट येते आणि ती सांगायला मन धजत नव्हतं. आता मी एक्क्याऐंशी वर्षांची आहे. आणखी थांबले तर ती गोष्ट माझ्याबरोबरच जाईल.

आधी जागा सांगते. भोसरीहून मोशीकडे जाताना आज तुम्हाला दोन्ही बाजूंना इमारती आणि वर्कशॉपच दिसतात. मी लहान असताना तिथे काळ्या दगडाचा उघडा माळ होता. पिंपरी-चिंचवडला नवे कारखाने उभे राहत होते. त्यांना लागणारा दगड आणि खडी आमच्या खाणीतून जाई. आमची म्हणजे एका ठेकेदाराची. पपा तिथे हजेरी कारकून होते, लिहिता-वाचता येणारे म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. खाणीपासून हाकेच्या दुप्पट अंतरावर ठेकेदाराने पत्र्याची दहा खोल्यांची चाळ बांधली होती. खोली कामाबरोबर मिळे आणि काम गेलं की तीही जाई. पुढचं समजण्यासाठी एवढं लक्षात असू द्या.

चाळीत ख्रिस्ती घरं चार होती. आमच्या भिंतीला लागून दावीदमामा राहत. ते काही माझे सख्खे मामा नव्हते. ते नगरकडचे, माझ्या आईच्या माहेरगावाजवळचे, म्हणून मामा. खाणीत ते सुरुंग लावत. बुटके, रुंद खांद्यांचे, उजव्या गालात सुरुंगाच्या दारूचे निळे ठिपके कायमचे रुतलेले आणि डावी भुवई जळून गेलेली. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात रस्ते फोडणाऱ्या पलटणीत होते, तिथे हे काम शिकले. भुवईबद्दल कोणी विचारलं की म्हणत, "ब्रह्मदेशात ऱ्हायली. परत मागायला गेलो न्हाई."

त्यांचं काम मी एकदाच जवळून पाहिलं, पण त्याची रीत चाळीतल्या प्रत्येकाला पाठ होती. पहारीने दगडाला भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, प्रत्येक भोकाला वात लावायची. वाती कमीजास्त लांबीच्या, म्हणजे सुरुंग एकामागून एक उडतात आणि मोजता येतात. मामा जितकी भोकं भरत तितके खडे सदऱ्याच्या डाव्या खिशात टाकत. लाल निशाण लावून, वाती पेटवून ते आडोशाला येत. चालत येत, कधी पळत नसत. "पळनारा पडतो," असं त्यांचं म्हणणं. मग एक धडाका झाला की एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाला की ते पांढरं निशाण वर करत आणि माणसं खाणीत उतरत. डाव्या खिशात एक जरी खडा उरला, तरी लाल निशाण खाली यायचं नाही, मग ठेकेदार कितीही ओरडो. उडायचा राहिलेला सुरुंग हा खाणीतला सगळ्यांत वाईट प्रकार. तो मेलेला आहे की झोपलेला, हे त्याच्याजवळ गेल्याशिवाय कळत नाही.

पूर्वी भिवा मुकादमही मामांबरोबर मोजत असे. भिवा भोसरीतलाच, तिथल्या जुन्या शेतकरी घरातला. पण मामांचा आकडा इतकी वर्षं एकदाही चुकला नाही, तेव्हा भिवाने मोजणं सोडून दिलं आणि तो तेवढ्यात विडी ओढू लागला. "दावीदमामानं मोजलं म्हंजी देवानं मोजलं," असं तो म्हणे. पपा कचेरीतून मामांचाच आकडा विचारून वहीत लिहीत.

मला त्या धडाक्यांची फार भीती वाटे. पत्रे थरथरले की मी बाजेखाली शिरत असे. आई म्हणे, घाबरू नको. एका दुपारी मामा आले, बाजेखाली वाकले आणि म्हणाले, "पोरी, बाहीर ये. घाबरू नको म्हनून कुनाची भीती ग्येली न्हाई आजवर. चल, मोजू." त्यांनी मला टेकडावरच्या आडोशामागे नेलं आणि सात खडे हातात दिले. सातवा धडाका झाला तेव्हा माझे कान उघडे होते. भीती गेली नव्हती. पण हाताला काम होतं.

खाणीच्या तोंडाशी शेंदूर लावलेला एक धोंडा होता. कामाच्या आधी भिवा तिथे नारळ फोडी आणि मामा टोपी काढून बाजूला उभे राहत. मग त्यांची स्वतःची प्रार्थना होई. ती इतकी लहान असे की पाळकसाहेबांना पसंत नसे. "देवबापा, आज सात हायेत. तुला म्हाईतच हाय. मी चाललो." बस. एखाद्याने वरिष्ठाला सकाळची वर्दी द्यावी तशी.

रविवारी ते सुरुंग लावत नसत. त्यावरून भिवा त्यांना डिवचायचा.

"मामा, तुमचा देव ऐतवारी झोपतो व्हय?"

"न्हाई रं. त्यो जागाच असतो. म्हनून मला झोपता येतं."

"मंग आमचा मारुती बरा. सातबी दिस कामाला."

"त्यालाबी इचारून बघ येकदा, दमला आसंल."

यावर सगळी खाण हसायची, भिवा सगळ्यांत मोठ्याने.

आता मी मुद्द्यावर येते. मी इंग्रजी तिसरीत, म्हणजे आताच्या सातवीत, होते त्या वर्षी मामांमध्ये दोन बदल झाले आणि दोन्ही आम्ही चुकीचे समजलो.

पहिला बदल गाण्यातला. आमच्याकडे संध्याकाळी कौटुंबिक उपासना असे. मामांचा आवाज बरा होता, खंजिरी छान वाजवत. त्या वर्षी ते फार मोठ्याने गाऊ लागले, आणि सगळ्यांचं कडवं संपलं तरी त्यांचं चालूच राही. आई म्हणाली, "दावीदभाऊंना आत्म्याचा आनंद झालाय."

दुसरा बदल असा की सुरुंग पेटवून आडोशाला आले की ते वहाणा काढून बाजूला ठेवत आणि तापल्या दगडावर अनवाणी, डोळे मिटून उभे राहत. शेवटचा धडाका होईपर्यंत तसेच. ही गोष्ट पाळकसाहेबांच्या कानावर गेली. जळत्या झुडपासमोर देवाने मोशेला, ही भूमी पवित्र आहे, वहाणा काढ, असं सांगितलं होतं, हे तुम्हाला संडेस्कूलपासून माहीत आहे. पाळकसाहेबांनी त्यावर एक अख्खा उपदेश केला. म्हणाले, आपण प्रार्थनेला येतानाही पायांचा विचार करत नाही, आणि हा साधा सुरुंगवाला खाणीलाच पवित्र भूमी मानतो. सगळी मंडळी वळून मामांकडे पाहू लागली. मामा मान खाली घालून बसले होते. आम्हाला तीही नम्रताच वाटली.

फक्त मामींना खरं माहीत होतं. मामी म्हणजे मामांची बायको, सारजाबाई. काटक, कमी बोलणाऱ्या. त्या वर्षी त्या अंगणातून मामांना हाक मारत नसत. जवळ जाऊन दंडाला हात लावत.

आणि एक दिवस नऊ सुरुंग होते.

आठ उडाले. आठव्याने वरची एक मोठी शिळा सैल केली होती. ती क्षणभर तशीच राहिली आणि मग खाली कोसळली. जमीन हादरली. मामांनी नववा खडा उजव्या खिशात टाकला आणि पांढरं निशाण वर केलं.

अकरा माणसं उतारावरून निघाली. पुढे भिवा, मागे बायका घमेली घेऊन. भिवाची बायको गंगूबाई हिने उन्हासाठी घमेलं डोक्यावर पालथं घातलं होतं. ती मंडळी उताराच्या वळणावर, दगडाच्या एका कडेआड होती तेव्हा नववा सुरुंग उडाला. त्याची वात कुठेतरी ओलसर झाली होती. आणखी वीस पावलं चालून गेली असती तर सगळी त्याच्यासमोर असती. एक कपची भिवाच्या खांद्यात घुसली. एक दगड गंगूबाईच्या घमेल्यावर बसला आणि घमेल्याला मुठीएवढा खळगा पडला. बाकी कोणाला खरचटलंही नाही.

चाळीत त्या दिवशी रडणं आणि हसणं एकाच वेळी चालू होतं. भिवाचा खांदा शिवून आणला. मारुतीला नारळ वाहिले. आणि सगळेजण म्हणू लागले की मामांच्या प्रार्थनेनेच माणसं वाचली. सुरुंग दोनदा उडाला असेल, भोकात दारू उरली असेल, शंभर कारणं निघाली. मामांचा आकडा चुकला असेल असं एकाच्याही तोंडातून निघालं नाही. पाळकसाहेबांनी रविवारी उपकारस्तुतीची उपासना ठरवली. ठेकेदारानेही कळवलं की मी स्वतः येईन आणि दावीदला फेटा बांधीन. त्याचा धाक असा की भिवा आणि खाणीतली बाकी मंडळीही येणार होती.

मामा दोन दिवस जेवले नाहीत.

शनिवारी दुपारी त्यांनी पपांना बोलावलं. मी मागून गेले, कारण मामींनी माझी पाटी मागितली होती. पाटी कशाला, हे मला दारात उभी राहिल्यावर कळलं.

"मास्तर," मामा म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई. वरीस झालं. डावा कान आधी ग्येला, मंग उजवा. मी पायानं मोजत हुतो. धरनी हादरली की येक. त्या दिशी शिळा पडली ती मी सुरुंग म्हनून मोजली. उद्या मी उभा ऱ्हाऊन हे सांगनार हाये. तुमाला आधी सांगावं म्हनून बोलवलं."

आता ती गोष्ट, जी सांगायला मला इतकी वर्षं लागली. पपांनी त्या दिवशी कचेरीत बसल्या बसल्या आठच धडाके मोजले होते. नववा मागाहून झाला तेव्हा मामांचा आकडा चुकल्याची त्यांची खात्री पटली. पण वहीत त्यांनी आधीच नऊ लिहिलं होतं, मामांचा आकडा म्हणून, आणि तो तसाच राहू दिला. चौकशी झाली तर हजेरी कारकुनाला पहिल्यांदा विचारतील. आम्ही तीन भावंडं, आई आजारी, आणि खोली ठेकेदाराची.

पपा मामांना काहीतरी समजावू लागले. मामांना ऐकू येईना. पपांनी आवाज चढवला.

मामी म्हणाल्या, "हळू बोला, मास्तर. साऱ्या चाळीला कळंल."

म्हणून पाटी. पपांनी ती माझ्या हातातून घेतली आणि त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: तब्येतीचं कारण सांगून काम सोडा. बाकी कोणाला काही बोलू नका.

मामा प्रौढपणी, पलटणीत वाचायला शिकले होते. त्यांना मनात वाचता येत नसे, आणि स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे आता त्यांना कळत नव्हतं. त्यांनी पाटी गुडघ्यावर ठेवली, ओळीखाली बोट धरलं आणि भर उपासनेत धडा वाचावा तसं खणखणीत आवाजात वाचलं, "तब्येतीचं... कारन... सांगून... काम सोडा. बाकी... कुनाला... काही... बोलू... नका."

शेजारच्या खोलीतलं भांड्यांचं वाजणं थांबलं.

मामांनी पाटी परत केली. "मास्तर, तुमचं अक्षर लई देखनं हाये. त्याला असलं ल्ह्यायला लावू नका."

पपांनी ओल्या हाताने पाटी पुसली. ती नीट पुसली गेली नाही, म्हणून सदऱ्याच्या बाहीने पुन्हा पुसली. एवढं लहान काम करायला त्यांना पुष्कळ वेळ लागला.

मग मामी बोलल्या. मामांच्या समोर बसून, ओठ दिसतील असं तोंड करून, सावकाश. "आन खायाचं काय? ऱ्हायाचं कुठं? सुलूची नर्सची शाळा?" सुलू त्यांची एकुलती मुलगी. पुढच्या जूनमध्ये तिला मिशनच्या दवाखान्यात शिकायला जायचं होतं.

"ठाऊक न्हाई," मामा म्हणाले.

"देव दील म्हना की. सगळ्यांला तसंच सांगता."

"दील. पन काय दील त्ये मला ठाऊक न्हाई. सारजे, वरीसभर मी तोंडानं देवाचं नाव घेतलं, आन वागलो भीतीच्या हुकमानं. लोकांना वाटलं, ह्यो पाय उघडे ठिवतो त्ये देवासाटी. पाळकानं मला मोशे केला. मी गप बसलो. त्या खाली उतरनाऱ्या अकरा जनांपरीस मला खोली मोठी वाटली. आता पुन्यांदा भ्यालो तर देवाकडं त्वांड करून मला बोलता येनार न्हाई. उपाशी ऱ्हाऊन बोलता यील."

मामी उठल्या. मला वाटलं, रडायला उठल्या. पण त्यांनी घागरीतलं पाणी बादलीत ओतलं आणि साबणाची वडी काढली. "मंग उद्याला धुतलेला सदरा घाला," त्या म्हणाल्या. "मळक्या सदऱ्यानं सांगू नका."

रविवारी प्रार्थनेची पत्र्याची खोली भरून लोक बाहेर बसले होते. ठेकेदार खुर्चीवर, मांडीवर जरीचा फेटा. भिवा दाराशी, खांदा पट्टीत बांधलेला. गंगूबाई ते खळगा पडलेलं घमेलं मुद्दाम दाखवायला घेऊन आली होती. आमच्याकडे उपासनेत साक्ष द्यायची रीत आहे. उठायचं आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. पाळकसाहेबांनी मामांना खूण केली.

मामा उभे राहिले ते समोर पाहून नाही, दाराकडे, भिवाकडे तोंड करून.

"भिवा, गंगू, ऐका. माझे कान ग्येले हायेत. वरीस झालं. म्या कुनाला सांगितलं न्हाई, काम जाईल म्हनून. वहाना काढत हुतो त्ये पायानं मोजायला. पाळकसायेब, त्यो उपदेश मागं घ्या. नववा सुरुंग उडाला नव्हता. म्या निशान दिलं. तुमी वाचला त्यात माझं काई न्हाई. तुमी माझ्यापासनं वाचला. देवानं तुमाला माझ्या हातातनं वाचवलं. माफ करा म्हनायचा हक मला न्हाई, पन मागतो."

आणि ते खाली बसले नाहीत. उभेच राहिले. उत्तर मिळालं तरी त्यांना ऐकू येणार नव्हतं, म्हणून ते भिवाच्या तोंडाकडे पाहत होते.

ठेकेदार आधी उठला. फेटा बगलेत मारला आणि म्हणाला, "आठ दिवसांत खोली रिकामी कर." हे मामींनी मामांना खुणेने सांगितलं. मामांनी मान हलवली, जणू पोस्टमनने पत्र आणून दिलं.

मग भिवा आत आला आणि मामांच्या अगदी समोर उभा राहिला.

"वरीसभर?" त्याने बोट वर करून विचारलं.

"वरीसभर."

"आन मी शेजारी बसून इडी वढत हुतो," भिवा म्हणाला. हे त्याने मामांना सांगितलं नाही. ते आम्हा सगळ्यांना सांगितलं. मग तो बाहेर पडला, गंगूबाई त्याच्यामागे. जाताना त्याने मामांकडे वळून पाहिलं नाही. त्यानंतर कितीतरी महिने तो त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. तुम्हाला वाटेल, लगेच गळाभेट झाली असेल. तसं झालं नाही.

त्या रविवारी पपा उठून उभे राहतील असं मला वाटलं होतं. ते उठले नाहीत. पण सोमवारी सकाळी त्यांनी हजेरीची वही उघडली, "नऊ" वर एक रेघ मारली, शेजारी "आठ" लिहिलं आणि खाली सही केली. ठेकेदाराने ते पाहिलं, शिव्या दिल्या, पण इंग्रजी पत्रं लिहायला त्याला दुसरं कोणी नव्हतं. पपांची नोकरी राहिली. मामांची गेली आणि आपली राहिली, हे पपांना शेवटपर्यंत बोचत राहिलं. त्यांनी ते मला त्यांच्या आजारपणात सांगितलं, तोवर मी फक्त पाहिलेलं होतं.

मामा भोसरी गावात एका शेतकऱ्याच्या गोठ्याच्या पडवीत राहायला गेले. दगड सोडून त्यांना दुसरं काही येत नव्हतं, म्हणून ते टाकी लावायला फिरू लागले. पाटा-वरवंटा वापरून वापरून गुळगुळीत होतो आणि मग त्यावर मसाला वाटला जात नाही. छिन्नीने त्याला पुन्हा बारीक टिचके मारून खरखरीत करावं लागतं, त्याला टाकी लावणं म्हणतात. ज्या माणसाच्या निशाणावर सगळी खाण थांबायची आणि हलायची, तो दारोदार हे काम मागत हिंडू लागला. त्यांची आरोळी तीन आळ्या ओलांडून जाई, पण बाई दारातून "ओ टाकीवाले" म्हणून ओरडली तर त्यांना कळत नसे. मग ते प्रत्येक दाराशी थांबून आत डोकावत. काही बायका रागावत. पोरं मागून डबे वाजवत.

एकदा आईने त्यांना जेवायला थांबवलं आणि पाटीवर लिहून विचारलं, कसं चाललंय? त्यांनी मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "देवानं सोडलं न्हाई, बाई. आता सोडलं न्हाई म्हंजी छपरातनं भाकरी पडती आसं न्हाई. येका दिशी दोन पाटे मिळत्यात, येका दिशी येकबी न्हाई. पन राती मी देवाशी बोलतो, आन मधी काई लपवलेलं नसतं. लई दिसांनी तसं झालंय."

त्या जूनमध्ये सुलू शिकायला गेली नाही. ती पिंपरीला एका कारखान्यात बाटल्या धुवायच्या कामाला लागली. दोन वर्षांनी गेली आणि नर्स झाली. मधली दोन वर्षं कोणी तिला भरून दिली नाहीत, आणि मामांनीही ती गेली नाहीत असं कधी भासवलं नाही.

भिवा आला तो पुढच्या उन्हाळ्यात. डोक्यावर पाटा घेऊन. पाटा पडवीत ठेवला आणि दोन बोटं दाखवली. मामांना वाटलं, दोनदा टाकी लावायची. भिवाने नाही म्हणून मान हलवली, कानाला हात लावला, मग स्वतःकडे आणि दुसऱ्या कोणाकडे तरी बोट केलं. खाणीत आता दोघं मोजतात, दोघांचा आकडा जुळल्याशिवाय निशाण नाही, एवढंच त्याला सांगायचं होतं. मामांना ते समजलं तेव्हा त्यांनी पाटा मांडीशी ओढला आणि कामाला लागले. भिवा शेजारी बसून राहिला. ही हकीकत मामींची, मी तिथे नव्हते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मॅट्रिकच्या आधीच्या वर्षी, पुण्याच्या बोर्डिंगात जायला निघाले तेव्हा. पपा आणि मी पिंपळे गुरवला एका नातेवाइकांचा निरोप घेऊन निघालो होतो. एका घराच्या ओट्याखाली मामा पाट्यावर टाकी लावत बसले होते. छिन्नीच्या प्रत्येक ठोक्याला दगडाची धूळ उडे आणि ते डोळे मिटून घेत, मग हाताने चाचपून पुढची ओळ धरत. माझी सावली पाट्यावर पडली तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"शिकाया चाललीस?"

मी मान हलवली.

"भ्या वाटतंय?"

पपा शेजारी होते तरी मी पुन्हा मान हलवली.

"वाटू दे. पन भीतीला इचारून काई ठरवू नको. तिला कारभारीन करायची न्हाई." मग पपांकडे पाहून ते हसले, जळलेल्या भुवईची बाजू जरा वर गेली, आणि म्हणाले, "जा बिगी. गाडी सुटंल." आम्ही वळणापर्यंत गेलो तरी छिन्नीचा आवाज येत होता. पपा थांबले, ऐकत राहिले आणि मग पुढे चालू लागले.

मामा मी बोर्डिंगात असतानाच गेले. मामी सुलूकडे राहिल्या. ती खाण पुढे बुजवली, आता तिथे सोसायट्या आहेत, आणि तिथल्या कोणाला हे माहीत असेल असं मला वाटत नाही. त्या दिवशी उतारावरून निघालेल्या अकरा माणसांपैकी आज कोणी हयात नाही. पण भिवा आणि गंगूबाईचे पणतू भोसरीत आहेत. एकाचं वर्कशॉप आहे. तिथे पत्रा दाबायचं मोठं प्रेस चालवण्याआधी दोन माणसं समोरासमोर उभी राहून, यंत्रापासून किती जण बाजूला झाले त्याचा आकडा मोठ्याने म्हणतात आणि दोघांचा जुळला तरच बटण दाबतात. ही रीत कुठून आली असं मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "आजी, आमच्या घरात पयल्यापासनं असंच हाय."

तुमची,
आजी